रूळांपाशी दार उघडताना

टिल्डा, नेब्रास्का
१२ जानेवारी

डॅरिन,

टॅमीने रविवारी चर्च सुटल्यावर माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केली आणि कागद आत सरकवले. "त्याने दिलेत. सही जिथे करायची तिथे पिवळी चिठ्ठी लावलीय," म्हणाली. मग दुसरीकडेच बघत म्हणाली, "मी नुसती आणून देणारी आहे, कर्ट." तुझी बायको चांगली आहे. दोन वर्षं आपल्या दोघा भावांमध्ये ती पोस्टमनचं काम करतेय आणि अजून वैतागलेली नाही.

सही केलेली नाही. कागद स्वयंपाकघरात, पावाच्या डब्यावर पडलेत. सकाळी पाव घ्यायचा म्हटला की ते उचलून बाजूला ठेवावे लागतात.

मी ते वाचले. शाळेच्या वरच्या वर्गांतली मुलं लागोपाठ दोन वर्षं ठरलेल्या संख्येखाली गेली, की शेतकऱ्याला आपली जमीन त्या शाळेच्या हद्दीतून काढून शेजारच्या शाळेच्या हद्दीत टाकता येते. जमीन जागची हलत नाही, तिचा कर तेवढा हलतो. बाबांनी शेत दोघांच्या नावावर ठेवलं म्हणून तुला माझी सही लागते. एवढं मला समजलं. हेही समजतं, की आपलं शेत टिल्डातून निघून कॉर्विनच्या शाळेकडे गेलं की त्या रस्त्यावरचे सगळे तुझ्या मागून जातील. ब्रुन्स मंडळी तर पेन हातात घेऊनच बसली आहेत. मग टिल्डाच्या शाळेला कर कोण देणार? गावात उरलंय काय? पोस्ट, धान्याची कोठारं, चर्च आणि रिकाम्या खिडक्या.

मुलं संख्येखाली का गेली ते मी लिहीत नाही. आधी तुझ्या हॅनाने आणि कॉयने कॉर्विनची शाळा धरली, मग ब्रुन्सांच्या मुलांनी. लिहीत नाही म्हणालो आणि लिहून बसलो. खोडत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बसवरून जाताना मी ते तुझ्या पेटीत सहज टाकलं असतं, पण पोस्टातल्या व्हर्नाने मला दम दिलाय. "तिकिटाशिवाय कुणाच्या पेटीत पत्र टाकलंस तर तो गुन्हा होतो. शाळेची बस चालवतोस म्हणून तुला सूट नाही." तेव्हा हे पत्र इथून लांब ओमाहा शहराला जाईल, तिथे त्याच्यावर शिक्का बसेल, आणि तेवढाच रस्ता परत येऊन तुझ्या फाटकापाशी पोचेल. रविवारी चर्चची घंटा वाजवायला दोराला हात घातला की मला समोर तुझी धान्याची कोठी दिसते, आणि पत्र मात्र ओमाहाहून येणार.

तशी तुझ्या मुलांची आणि माझी भेट रोज होतेच. कॉर्विनची बस हद्द ओलांडून आत येत नाही, हा दोन शाळांनी एकमेकींना दिलेला जुना शब्द आहे, म्हणून टॅमी त्यांना चौकात आणून सोडते. आपण लहानपणी शिकलो ती एकतीस नंबरची शाळा होती तिथे. आता पायाचे दगड आणि हातपंप एवढंच आहे. मुलं पंपाच्या आडोशाला उभी असतात. मी वेग कमी करतो. कॉय हात हलवतो. हॅना त्याचा हात धरून खाली करते. मग मी पुढे जातो. मागच्या बाकांवर कुणी नसल्यामुळे बसचं जे काही सैल झालंय ते सगळं वाजत असतं.

पुढे रूळ लागतात. तिथे मी अजून थांबतो. त्या रुळांवरून शेवटची मालगाडी कधी गेली ते कुणाला सांगता येत नाही, उन्हाळ्यात त्यांच्यामधून रानटी सूर्यफुलं येतात. पण नियम आहे. शाळेच्या बसने रूळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, मुलांनी गप्प बसायचं आणि चालकाने कान द्यायचा. दिवसभरात मला खरी शांतता मिळते ती तेवढीच. त्यात मी प्रार्थना उरकून घेतो. ती बरीचशी तुझ्याबद्दल असते.

कर्ट

७ फेब्रुवारी

डॅरिन,

काल शाळेच्या जेवणघरात तू जे बोललास त्यावर मला तिथे काही सुचलं नाही. म्हणून झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी आकाश निळं होतं आणि वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ असा उठवला होता की पुढचा विजेचा खांब दिसत नव्हता. आपली टिल्डाची शाळा वेळेवर भरणार होती. कॉर्विनची दोन तास उशिरा भरणार असं रेडिओवर सांगितलं, पण ते सांगेपर्यंत टॅमी मुलांना चौकात उतरवून इस्पितळाच्या ड्युटीवर निघून गेली होती. मी चौकात आलो तेव्हा पंपाच्या मागे दोन टोप्या दिसल्या. थांबलो. दार उघडलं.

"चढा," म्हटलं.

हॅना म्हणाली, "काका, ही आमची बस नाही."

"माहितेय. पण हिच्यात हीटर चालू आहे."

तोवर कॉय चढून बसला होता.

तुझ्या घरापर्यंतची वाट बर्फाने बुजलेली होती. तिथे बस घातली असती तर वळवता आली नसती. चौकाच्या त्या खोलगट भागात फोनही लागत नाही. म्हणून त्यांना टिल्डाला नेलं. काल जेवणात खिमा-राजमा होता आणि त्याच्याबरोबर दालचिनीचा गोड पाव. शाळेची स्वयंपाकीण जोलीन कॉयला बघून म्हणाली, "अरे, हा माझा तीन पाववाला आला की." त्याने तीनच खाल्ले. हॅना जेवली नाही. ती गाण्याच्या खोलीत गेली. शिक्षक काढल्यापासून तिथे खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात. कपाटात तिला फुंकून वाजवायचा जुना पितळी ट्रॉम्बोन सापडला असावा, कारण थोड्या वेळाने तिकडून आवाज यायला लागला. जोलीन हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. माझ्या ताटातलं निवून गेलं.

आणि मग तू दारात आलास. बुटांवरचा बर्फ फरशीवर गळत होता.

"वाट चुकलेलं वासरू सापडलं तर आपल्याकडे काय करतात, कर्ट?"

मी चमचा ताटात ठेवला.

"मालकाला फोन करतात. आपल्या कळपात घालून त्याच्यावर डाग देत नाहीत."

जोलीन म्हणाली, "डॅरिन, आधी बस. पाव गरम आहे."

"कॉर्विनची बस चौकात आली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. शेरीफने मला विचारलं, मुलं घरी आहेत ना. मी रस्त्याकडेच्या चरात काठी खुपसत हिंडत होतो, जोलीन. बर्फात. हातभर हातभर. आणि हा इथे पाव खातोय."

कॉयच्या हनुवटीला साखर लागली होती. ती तू अंगठ्याने पुसलीस आणि त्याला घेऊन गेलास. हॅना मागून आली. तिच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं.

काठीचं ऐकल्यापासून मला झोप नाही. मी हे चांगल्या मनाने केलं एवढंच सांगायचं होतं. बाकी देव जाणतो.

कर्ट

१३ मार्च

डॅरिन,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, ते यायला नकोच होतं. कारण ते पत्र खोटं होतं. म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, एक तेवढं लिहिलं नव्हतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सूप असतं, तुला आठवत असेल. काल टॅमी हॅनाला घेऊन आली होती. हॅना वाडगा घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसली. पंधरा वर्षांच्या मुलीचं तोंड, त्यात नजर आपल्या आईची. म्हणाली, "काका, जोलीनच्या स्वयंपाकघरात भिंतीवर फोन आहे."

मी म्हटलं, "आहे."

"तुमच्या पाठीमागेच होता."

"होता."

"मग?"

डॅरिन, मला तो फोन दिसत होता. एकदा उठलोही होतो. पण बस त्या सकाळी भरलेली वाटली होती. दोनच मुलं जास्त, पण मागचं काही वाजेनासं झालं होतं. कॉय आपल्या जुन्या बाकावर बसला होता आणि पोरांनी त्याला सरकून जागा दिली होती. फोन केला असता तर तू लगेच आला असतास. मला जेवण होईपर्यंत तरी ती मुलं तिथे हवी होती. तेवढ्यासाठी तू चरात काठी खुपसत होतास.

हे मी हॅनाला सांगितलं, असंच. तिने सूप ढवळलं. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं, बाबांनी आम्हाला रागाने काढलं. मी सांगितलं होतं त्यांना, मला काढा म्हणून."

"का गं?"

"गाण्याचे सर गेल्यावर टिल्डात मी एकटीच वाजवत होते. एकटीने वाजवलं की प्रत्येक चूक ऐकू येते. कॉर्विनला आम्ही मोठा जथा आहोत. मी चुकले तरी बाकीचे वाजवत राहतात. मग मीपण पुन्हा सुरू करते."

मी तिला माझ्यातला पाव दिला.

नंतर भांडी धुताना पाद्री रूथबाई शेजारी उभ्या होत्या. त्या तीन गावांच्या चर्चमध्ये मिळून एक, रविवारी गाडी पळवत तिन्हीकडे प्रवचन करतात. त्यांना मी कागदांचं सांगितलं. सही केली तर शाळा जाते, नाही केली तर भाऊ जातो. त्यांनी वाडगा पुसला, ठेवला. म्हणाल्या, "तीन गावांना मिळून एक पाद्रीण चालते. ती दर रविवारी उशिरा येते तेही चालतं. दोन गावांना मिळून एक शाळा म्हटलं की मात्र सगळ्यांना पोटदुखी." एवढं म्हणून पुढचा वाडगा मागितला.

घरी येऊन मी एकतीस नंबरच्या शाळेचा विचार करत बसलो. आठ इयत्ता, एक खोली, एक बाई, आणि शेवटी शेवटी आपण दोघं आणि ब्रुन्सांची मुलगी. टिल्डाने किती वर्षं बोलावलं, की आमच्यात या. बाबा शाळेच्या कमिटीवर होते, म्हणाले, आमची शाळा आम्ही सोडणार नाही. आणि मग वरूनच हुकूम आला आणि कुलूप लागलं. कुणी आपल्याला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं आपल्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यात टिल्डाचा ट्रक येऊन बाकं घेऊन गेला. पुस्तकं पिंपात जाळली. आई पंपापाशी उभी राहून बघत होती.

आणि बसमधला तो पहिला दिवस. प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी म्हणत होतं, ती माझी जागा आहे. तू आठवीत होतास, मागच्या बाकावर बसायचा तुझा हक्क होता. तू माझी कॉलर धरून मला चालकाच्या मागच्या बाकावर ढकललंस, जिथे बालवाडीची पोरं बसतात, आणि स्वतः शेजारी बसलास. वर्षभर तिथेच बसलास. तुला सगळे हसायचे.

हे मी तुला कधी बोललो नाही, म्हणून लिहिलं. याचं पुढे काय करायचं ते मला समजत नाही. कागद अजून डब्यावरच आहेत.

कर्ट

२५ एप्रिल

डॅरिन,

कालच्या सभेला तू नव्हतास. टॅमी होती, पण ती दाराजवळ उभी होती आणि तिने तुला काय सांगितलं असेल कोण जाणे. मी सांगतो.

खेळाच्या हॉलमध्ये सभा होती. घडीच्या खुर्च्या भरल्या, माणसं पायऱ्यांवर बसली. एवढी गर्दी सामन्यालाही होत नाही. अधीक्षक फॉस यांनी सगळं सांगितलं. सरकारचं अनुदान घटलंय, मुलं घटलीत, गणित पडद्यावरून शिकवावं लागतंय, आणि येत्या वर्षी आणखी दोन शिक्षक कमी करावे लागतील. ते सभ्य गृहस्थ आहेत. घसा साफ करतात तेव्हाही माफी मागितल्यासारखे करतात.

मग लोक बोलायला लागले. कर वाढवा म्हणणारे, वाढवू नका म्हणणारे. मग कुणीतरी तुझं नाव घेतलं. कोठारावरचा लेस्टर उठून म्हणाला, "आपल्यातलाच एक जण शेत उचलून कॉर्विनला द्यायला निघालाय. तो गेला की रस्ता गेला. पण त्याला ते जमायचं नाही, कारण कर्टची सही नाही. कर्ट आपला माणूस आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॅरिन, माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजल्या, आणि त्या कशासाठी, तर मी भावाला अडवून धरलाय म्हणून. जोलीनने माझ्या पाठीवर थाप मारली. तिचा हात उबदार होता.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

म्हटलं, "मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. पण लेस्टर, माझ्या सहीवर शाळा तगणार असेल तर ती शाळा नाही, खुंटा आहे."

कुणीतरी हसलं. मला हसवायचं नव्हतं.

मग एकतीस नंबरचं सांगितलं. ट्रक, बाकं, पिंप. म्हटलं, आमचे वडील शेवटपर्यंत थांबले, आणि मग आम्ही टिल्डात मागून आलेल्यांसारखे आलो. इथल्या बसमध्ये आम्हाला बसायला जागा नव्हती. त्या बसमध्ये तेव्हा कोण कोण होतं ते आत्ता इथे समोरच बसलंय, त्यांना आठवत असेल. शेतं एक एक करून जातील आणि शेवटी आपणही तसेच जाऊ, हात हलवत. त्यापेक्षा आज आपल्याजवळ आहे तोवर आपणच कॉर्विनला विचारू. आपलं छप्पर नवं आहे, लहान मुलांचे वर्ग चांगले आहेत, जोलीनचं स्वयंपाकघर आहे. दोन्ही गावांची लहान मुलं इथे येऊ देत, मोठी मुलं तिकडे जाऊ देत. हद्दच राहिली नाही तर हद्द ओलांडायची कुणाला गरज पडणार नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. पंख्याचा आवाज येत होता. मी बसलो तेव्हा जोलीनने आपली खुर्ची सरकवली. तिला कदाचित पाय पसरायचे असतील.

मागून एक आवाज आला, "शेवटी भाऊ तो भाऊ." कोण होतं ते मी वळून पाहिलं नाही.

मी तुझ्यासाठी बोललो असं समजू नकोस. तुझ्यावर माझा राग आहे, तो तसाच आहे. मोठ्यांचे वर्ग जातील म्हणजे वरचा मजला जाईल, मैदानावरचे दिवे जातील. मीच ते बोललो. रात्री प्रार्थनेला गुडघ्यांवर बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

कर्ट

२२ मे

डॅरिन,

तुला कळलंच असेल. कॉर्विनच्या शाळा मंडळाने आधीच हो म्हटलं होतं, सोमवारी आपल्या मंडळानेही म्हटलं. चार विरुद्ध दोन. लेस्टर विरोधात. ऑगस्टपासून मोठी मुलं तिकडे, लहान मुलं इकडे, आणि बस दोन्ही शाळांची मिळून.

काल शाळेचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या वर्गातली मुलं रीतीप्रमाणे ट्रॅक्टर घेऊन शाळेत आली. चारच ट्रॅक्टर. टिल्डातून बाहेर पडणारा हा शेवटचा वर्ग. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि मीही होतो, पण माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

तुला एक सांगतो, हे तुलाच समजेल. मी सकाळी पहिली फेरी करून कॅफेत जातो. टेबलावर फासे असतात, त्यांचा पेला फिरतो, जो हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचं द्यायचं. परवा पेला फिरत आला आणि माझ्यापुढून पलीकडे गेला. कुणी काही बोललं नाही. माझी कॉफी माझ्यापुढे होती, गप्पा चालू होत्या, पावसाच्या, मक्याच्या. नुसता पेला तेवढा आला नाही. मी माझ्यापुरते पैसे ठेवून उठलो. मला कुणी हरूसुद्धा देईना.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि लक्षात आलं की तूही दोन वर्षं कॅफेत येत नाहीस. मी समजत होतो, तू ताठ्याने येत नाहीस. त्या टेबलावर मीही बसलेलो असायचो, डॅरिन. तुझ्यापुढून पेला गेला त्या दिवशी तो पुढे सरकवणारा हात कुणाचा होता ते मला आठवत नाही. माझाही असेल.

जोलीन बोलते, पण मोजकं. काल म्हणाली, "स्वयंपाकघर राहिलं हे तुझ्यामुळे, माहितेय मला. पण माझी बहीण वरच्या मजल्यावर शिकवत होती, तिला काढलं, तेही तुझ्यामुळेच." मग मला गोड पाव दिला. वरची साखर मात्र लावली नव्हती.

तिचं खरं आहे. मी बरोबर केलं की चूक हे मी रोज रूळांपाशी विचारतो. दार उघडून कान देतो. वारा ऐकू येतो.

कागद याच पाकिटात परत पाठवतोय. पिवळी चिठ्ठी तशीच आहे. सही नाही. आता ती कुणाला लागायची नाही. पावाचा डबा मोकळा झाला, तरी सकाळी हात अजून ते कागद उचलायला जातो.

नव्या फेऱ्या फॉससाहेबांनी मलाच आखायला सांगितल्या. चौकातला थांबा काढलाय. बस आता प्रत्येकाच्या फाटकापाशी थांबेल, तुझ्याही. मुलांना पाठवायचं की टॅमीने गाडीतून सोडायचं, ते तुझं तू ठरव. मी थांबेन एवढं खरं. थांबून दार उघडेन.

कर्ट

२० ऑगस्ट

डॅरिन,

हे पत्र मी तिकीट न लावता तुझ्या पेटीत टाकणार आहे. व्हर्नाला सांगू नकोस.

आज सकाळी जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. तरी सुरुवातीपासून लिहितो, कारण शेवटचं तुला माहीत नाही.

मी फाटकापाशी आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. कुत्रा होता. मी दार उघडलं आणि वाट पाहिली, रूळांपाशी बघतो तशी. मागे पोरं कुजबुजायला लागली. मग घराचं दार वाजलं. आधी कॉय पळत आला, मग ट्रॉम्बोनची पेटी घेऊन हॅना, आणि तिच्या मागून तू, कामाच्या कपड्यांत, कॉफीचा थर्मास हातात. मला वाटलं, फाटकाशी थांबशील. तू पायरीवर पाय ठेवलास.

"मोठ्या माणसाला बसमध्ये घ्यायची परवानगी नाही, डॅरिन," मी म्हटलं. दोन वर्षांनी तुझ्याशी बोललो आणि बोललो ते हे.

"माहितेय," म्हणालास, आणि चढलास.

चालकाच्या मागच्या बाकावर कॉय बसला होता. तो म्हणाला, "बाबा, ही माझी जागा आहे."

"सरक," तू म्हणालास.

तू बसलास. थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कॉफीचा वास. मी गिअर टाकला. चौक गेला, पंप गेला. मागे हॅना कुणाला तरी सांगत होती की कॉर्विनच्या जेवणाला चव नसते, लहान पोरांची मजा आहे. मी आरशात तुझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मानेवर तुझी नजर आहे हे मला कळत होतं, लहानपणी कळायचं तसं.

रूळ आले. मी थांबलो, दार उघडलं. मुलं गप्प झाली. रुळांत सूर्यफुलं हलत होती. दूर कुणाच्या तरी शेतात पाण्याचा पंप चालू होता. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो असेन, कारण कॉय हळूच म्हणाला, "काका, गाडी येत नाहीये."

मी दार लावून रूळ ओलांडले. पलीकडे तू म्हणालास, "इथे थांब."

थांबलो. तू उठलास. पायरीवरून मागे न वळता म्हणालास, "पत्रं फार लांबलचक लिहितोस," आणि दार ढकलून उतरलास.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं असं. मला निघायला हवं होतं, टिल्डात लहान मुलं उतरवायची, मग मोठ्यांना घेऊन कॉर्विनला, उशीर झाला तर बोलणी मला बसणार. पण मी आरशात बघत राहिलो. तू परत घराकडे चालायला लागला होतास. थर्मास बगलेत. बाबांसारखा जरा डावीकडे झुकून चालतोस, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. रूळांपाशी पोचलास आणि उभा राहिलास. मला वाटलं, मागे वळशील. तू वळला नाहीस. तू आधी एका बाजूला पाहिलंस, लांबवर, मग दुसऱ्या बाजूला तेवढंच लांबवर. आणि मग रूळ ओलांडलेस.

कर्ट